आठ बाय बारा

"शुक्! शुक् शुक्! हाड्!"

पहाटे पावणेसहाला आमच्या गल्लीत हा गजर होतो. पहिलं 'शुक्' जरबेचं असतं, पुढची दोन अजिजीची, आणि 'हाड्' होईतो मांजर भिंतीपलीकडे जाऊन पंजा चाटत बसलेलं असतं. 'हाड्' हे खरं तर कुत्र्याला म्हणायचं. मी एकदा तसं सुचवूनही पाहिलं. "माहितीये मला," अण्णा म्हणाले, "पण मांजरासाठी आपल्या भाषेत कडक शब्दच नाही. शुक् म्हटलं की त्याला वाटतं आपल्याला कुणी गुपित सांगतंय."

तळमजला, समोर चार हात माती आणि दरमहा पेन्शन, एवढी सामग्री एकत्र आली की असा एक अण्णा तयार होतो. आमच्याकडे कोथरूडात एक आहे. तुमच्याकडे त्याला नाना, भाऊ किंवा बापू म्हणत असतील. अंगात बंडी, लेंगा घोट्याच्या वर दुमडलेला, एका हातात झारी, दुसऱ्यात खुरपं, आणि बोलण्याची सुरुवात ठरलेली: "माझं मांजरांशी काही वैर नाही." हे वाक्य कानावर पडलं की ऑफिसला उशीर झालाच म्हणून समजावं.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी कालव्याच्या कडेने गेली. बाग सगळी आठ फूट बाय बारा फूट, पण ते तिला 'लाभक्षेत्र' म्हणतात. पाणी घालणं म्हणजे 'आवर्तन सोडणं', आणि कोपऱ्यातली कढीपत्त्याची कुंडी म्हणजे 'टेल'. टेलला पाणी पोचत नाही ही तक्रार त्यांनी नोकरीत हजारदा ऐकली आणि आता ती ते स्वतःशीच करतात.

भांडण सुरू झालं मेथीवरून. अण्णांनी वाफा खणला, ढेकळं फोडली, माती चाळणीने चाळली, तीत शेणखत मिसळलं, हाताने सारखी केली आणि दोन दिवस उन्हात वाळू दिली. मांजराला शौचाला नेमकं काय लागतं? कोरडी, मऊ, भुसभुशीत माती. उकरायला सोपी, लोटायला सोपी. म्हणजे अण्णा मेथीसाठी म्हणून जे जे करत गेले, ते सगळं मांजरासाठी होत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिवळा बोका वाफ्याच्या मधोमध, सभापतीच्या गांभीर्याने बसलेला होता. अण्णांनी शुक् केलं. बोक्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण काम अर्धवट सोडलं नाही. मग उठला, मागे वळला, हुंगलं, पंजाने माती ओढली, पुन्हा हुंगलं, कमी वाटली म्हणून आणखी ओढली, आणि मगच भिंतीवर चढला. "एवढी टापटीप आपल्या सोसायटीत दुसरं कोणी पाळतं का?" हे अण्णाच मला नंतर म्हणाले. रागातसुद्धा ते न्याय सोडत नाहीत.

त्या दिवशी एक दोनशेपानी वही निघाली. "6.10. पिवळा. प्रवेश: पूर्व भिंत. बैठक: मेथी, मध्यभाग." "21.35. काळी-पांढरी. प्रवेश: गेटखालून. कुंडी क्र. 4." असं सगळं टिपलेलं.

वही सुरू झाली तसा सल्ल्यांचाही पूर आला. डांबरगोळ्या टाका, तिखट भुरभुरा, कॉफीची भुकटी पसरा, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या. बागेत येणाऱ्या मांजराबद्दल बोलताना एरवी मुंगी वाचवून चालणारी माणसं किती सहज निष्ठुर होतात, ते मी तेव्हा पाहिलं. अण्णांनी सगळ्यांना वाटेला लावलं. डांबरगोळी मांजराला विषारी. कॉफीचंही तेच. तिखट पायाला लागणार आणि मांजर पाय चाटणार, त्याच पंज्याने तोंड पुसणार. मग डोळ्यांचं काय? आणि पोत्याबद्दल तर त्यांना लहानपणचा अनुभव होता. कोकणातल्या घरून नेऊन सोडलेली मांजरी चौथ्या दिवशी परत आली होती, तीही नेणाऱ्याच्या आधी ताटाशी. शिवाय एक हलवली तरी रिकाम्या जागेवर दुसरी येऊन बसते. "बदलीची जागा कधी रिकामी राहते का?" असा त्यांचा सवाल.

इजा करायची नाही हा त्यांचा नियम दोन खांबांवर उभा आहे. एक, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा. दोन, त्यांची आई. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं ती सांगे. अण्णांनी दोन्हींचा हिशेब काढून ठेवला आहे. कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. सोन्याच्या मांजराचा आजचा भाव धरला तर, अगदी पिल्लू केलं तरी, भविष्य निर्वाह निधी संपतो. "आईचा कायदा कडक होता," ते म्हणतात.

तेव्हा अहिंसक उपाय. त्या हिवाळ्यात घरात रोज संत्री आली, कारण संत्र्याच्या सालीचा वास मांजराला सोसत नाही. अण्णा, काकू, मुलगा, सून आणि नातू रोज माणशी दोन संत्री खात होते. जेवणानंतर भूक नसली तरी 'बागेसाठी' एक फोड खावी लागे. वास खरोखर चालतो, पण सालीत दम असेपर्यंतच. दोन दिवसांच्या उन्हात साल वाळून चामडं होते आणि मांजर ती बाजूला सारून बसतं. नातवाने अखेर संत्रं पाहिलं की पळायला सुरुवात केली. उपाय त्याच्यावर लागू पडला.

मग लाल पाण्याच्या बाटल्या. या बाटल्यांनी कुत्री येत नाहीत अशी आपल्याकडे गल्लोगल्ली श्रद्धा आहे, आणि त्या बाटल्यांशेजारी निवांत झोपलेली कुत्रीही गल्लोगल्ली आहेत. अण्णांनी कुंकवाचं पाणी करून चार बाटल्या चार कोपऱ्यांत मांडल्या. काळी-पांढरी आली, बाटलीजवळ थांबली आणि बाटलीला गाल घासून पुढे गेली. अण्णांना ती नरमली असं वाटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी वरून खुलासा केला, "अण्णा, गाल घासला म्हणजे वास लावला. बाटली आता तिची झाली."

या ताई म्हणजे विरोधी पक्ष. संध्याकाळी सातला कंपाउंडच्या भिंतीपाशी त्या मांजरांना खाऊ घालतात. वर्षभर दोघांत अशा टोमण्यांपलीकडे बोलणं नव्हतं. मग अण्णांनी वहीवरून गणित मांडलं: मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, एका वेताला तीन-चार पिल्लं. "हे वाफ्यावर अडवून भागायचं नाही. उगमालाच बांध घातला पाहिजे." ताई तर दोन मांजरींचं ऑपरेशन स्वतःच्या खर्चाने करून बसल्या होत्या. तिसरीचा अर्धा खर्च अण्णांनी दिला. घरच्या जमाखर्चात तो 'बाग: संकीर्ण' या सदरात पडला आहे. त्या मांजरीच्या कानाचं टोक, ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून, कापलेलं आहे. तिची नोंद वहीत 'काम पूर्ण' अशी होते.

यंत्र आलं ते पुढच्या उन्हाळ्यात, ऑनलाइन. माणूस वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, मांजर साठ हजारांच्याही पुढे. तेव्हा मांजरालाच ऐकू येईल असा आवाज काढायचा, ही कल्पना. अण्णांनी ते कढीपत्त्याजवळ रोवलं आणि कान लावला. "काही ऐकू येत नाही. म्हणजे चालू आहे." इतका निर्दोष पुरावा मी कुठल्याही विज्ञानात पाहिला नाही. नऊ वर्षांचा नातू मात्र कानावर हात ठेवून घरात पळाला; लहानांचे कान वरच्या पट्टीला आपल्याहून तिखट असतात. पिवळा बोका पहिले चार दिवस बिचकला. पाचव्या दिवशी तो यंत्राच्या मागे बसला, कारण आवाज पुढच्या दिशेला जात होता. खाचाखोचा समजून घेण्यात तो इतका तयार होता की पाटबंधाऱ्यात गेला असता तर उपअभियंता झाला असता.

शेवटी अण्णा आपल्या मूळ शस्त्राकडे वळले. ओली माती मांजराला नको असते. झालं, रोज तिन्हीसांजेला आवर्तन सुटू लागलं. आठ दिवस एक पाऊल उमटलं नाही. नवव्या दिवशी मेथी पिवळी पडली, अकराव्या दिवशी मुळाशी सडली. आयुष्यभर शेतकऱ्यांना 'जादा पाणी देऊ नका' म्हणणाऱ्या माणसाचा स्वतःचा वाफा चिबड झाला, आणि हे दुःख त्यांनी फक्त मला सांगितलं.

पण खरा प्रसंग श्रावणातला. पावसात तण माजलं होतं. अण्णांनी रविवारभर बसून ते मुळासकट उपटलं, झटकलं आणि कोपऱ्यात त्याचा ढीग घातला. सोमवारी सकाळी गजर झालाच नाही. काळजीने डोकावलो तर अण्णा झारी हातात धरून खांबासारखे उभे. ढिगावर चार मांजरं. एक उताणी पडून पाय हलवतेय, एक मूळ दोन्ही पंज्यांत धरून चघळतेय, तिच्या हनुवटीवरून लाळ गळतेय, पिवळा बोका तोंड घासत ढिगात अर्धा शिरलाय. आणि एक वहीत कुठेच नोंद नसलेली, बहुधा बाहेरगावची. भाऊबीजेला जमावीत तशी मंडळी जमली होती. शुक् करायचं अण्णा विसरून गेले होते.

गल्लीतल्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाईंनी ढिगातली एक काडी उचलली. दातेरी पानं, तुऱ्यांवर बारीक कुपीसारखी हिरवी पात्रं. "खोकली," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात कुठेही उगवते. हिच्या मुळाचा मांजरांना भयंकर नाद. जमिनीत होती तोवर दबून होती, तुम्ही मुळं वर काढून आमंत्रणच दिलंत." अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे काल मी दिवसभर त्यांच्या मेजवानीची तयारी करत होतो?" बाईंनी मान हलवली. त्या दिवशीच्या पानावर वेळ, रंग काही नाही. नुसतंच लिहिलंय: "सर्व."

अखेर गुण आला तो हार्डवेअरच्या दुकानातल्या चिकन मेशचा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाफ्यावर आडवी अंथरायची, कडा वाकवून मातीत दाबायच्या. मेथी भोकांतून वर येते, मांजराला उकरता येत नाही. कुंड्यांत वर नारळाच्या शेंड्या, गुलाबाखाली गुलाबाच्याच छाटलेल्या काटक्या. कुणाला इजा नाही, खर्च किरकोळ. वहीची पानं कोरी जाऊ लागली. अण्णा शेजारच्या सोसायट्यांत जाळीवर व्याख्यानं देऊ लागले, हातात नमुन्याचा तुकडा घेऊन.

चार महिन्यांनी काकूंचा पुरी तळायचा जुना झारा सापडेना. अण्णा शोधत पाण्याच्या टाकीमागे गेले. तिथे जास्वंदीच्या आडोशाला सिमेंटची दोन जुनी घमेली होती, वाळूने भरलेली, आणि एकात झारा उभा खोचलेला. बाजूला रबरी हातमोजे वाळत घातलेले. घमेली स्वच्छ होती. काळी-पांढरी एकातून उठून दुसऱ्यात गेली आणि आपलं काम करू लागली.

"अहो, सांगणारच होते," काकू म्हणाल्या. "शेजारचा बंगला पाडून इमारत होत होती ना, तेव्हा दोन वर्षं वाळूचा ढीग होता रस्त्यावर. तुमच्या वाफ्यात एक तरी मांजर आलं होतं का? ढीग उचलला, झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले, आणि त्याच आठवड्यात तुमची वही सुरू झाली. अख्ख्या गल्लीत माती उरली ती आपल्याकडे. मांजरं जाणार कुठे?"

अण्णांनी वही काढली, मागची पानं चाळली, पहिल्या नोंदीची तारीख पाहिली. मग काही न बोलता चष्मा पुसला. त्या दिवसाची नोंद मी नंतर चोरून वाचली: "टाकीमागे अनधिकृत लाभक्षेत्र आढळले. नियमित करण्यास हरकत नाही."

परवा संध्याकाळी समोरच्या नव्या बांधकामाच्या फाटकाशी अण्णा दिसले. दोन्ही हातांत रिकामी घमेली, समोर मुकादम. मुकादम क्रश सँडच्या ढिगाकडे बोट दाखवत होता आणि अण्णा मान हलवत होते.

"ही नको. बारीक द्या, चाळून. ही त्यांच्या पायाला टोचते."