जीआरभाऊ

जीआरभाऊ कोणतीही गोष्ट सांगायला बसले की आधी ‘वाचा’ म्हणतात. हातात वाचायला काही देत नाहीत. शासन निर्णयाच्या माथ्यावर जसे जुने निर्णय ओळीनं लावलेले असतात, तसे ते चालू गोष्टीच्या आधीच्या गोष्टी लावतात. मग प्रस्तावना. मग मूळ मुद्दा, तोही ‘परंतु’ आणि ‘तथापि’सकट. शेजाऱ्याची बकरी पऱ्हाटीत शिरली एवढंच सांगायचं असलं, तरी हीच बकरी मागच्या हंगामात तुरीत कशी शिरली होती इथून सुरुवात. ऐकणारा उठू लागला की ते त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “थांब ना बापा, आता निर्णयावरच येऊन राह्यलो.”

घरातही हीच भाषा. पोळ्याला पुरण करायचं ठरलं की ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही शेपटी ते हटकून जोडतात. काकू एकदा चुलीपाशीच बसून म्हणाल्या, “मंग राज्यपालालेच सांगा पुरन वाटाले.”

त्यांचं खरं नाव मतदार यादीत आहे. गाव आर्णी तालुक्यातलं, पण त्याला अर्थ नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत, जरा मोठं गाव असलं की तिथे एक जीआरभाऊ निघतोच. आमचे भाऊ तरुणपणी एकाधिकार कापूस खरेदीच्या केंद्रावर हंगामी मापारी होते. गाडी कितीही लांबून येवो, चिठ्ठीवरचा आकडा आणि ग्रेड हेच सत्य, हे ते तिथे शिकले. खरेदी गेली, चिठ्ठीवरची श्रद्धा राहिली. आता काखेत बटणाची प्लास्टिक फाईल, खिशात दोन पेन, आणि एका डबीत अंगठ्याची शाई. ही डबी कोणीही मागत नाही, सगळं काम बोट मशीनवर ठेवून होतं. पण भाऊ ती सोडत नाहीत.

पैसे मात्र कोणाकडून घेत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा माणसाबद्दल पहिली शंका तीच येते. चहा घेतात. एकाच घरी दोनदा घेत नाहीत, आणि त्याचंही ते कारण सांगतात: लाभाची पुनरुक्ती होऊ नये.

भाऊंचा पहिला मोठा काळ २०१५ चा. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्यातले आठ आणि आमच्याकडचे सहा, केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही माणशी पाच किलो धान्य सुरू झालं; गहू दोन रुपये, तांदूळ तीन. त्या वेळी सातबारा, कार्ड आणि आधार यांवरच्या नावांची जुळवाजुळव भाऊंनी ओसरीवर बसून केली. सातबाऱ्यावर ‘पांडुरंग’, कार्डावर ‘पांडूरंग’, आधारवर ‘पाडुरंग’. भाऊ म्हणायचे, माणूस एकच आहे हे देवाला ठाऊक, पण पुरवठा निरीक्षकाला कागद लागतो. मग २०२२ मध्ये आधी गहू थांबला, मागोमाग तांदूळ. आणि २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात, पुढे १७०. गावात लोक चिडले. १७० रुपयांत किती दळण येतं, हे बायांनी हिशेबासकट ऐकवलं. भाऊ चिडले नाहीत. त्यांना नवीन अर्ज मिळाला होता. “पैसे कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात जाईन,” त्यांनी जाहीर केलं, आणि जिचं खातं नव्हतं तिला बँकेत घेऊन निघाले.

‘आनंदाचा शिधा’ त्यांना फारसा रुचला नाही. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल असा तो संच आला, लोक पिशवी घेऊन घरी गेले, विषय संपला. त्यात अर्ज नव्हता, अपवाद नव्हता. २०२५ च्या दिवाळीला तो आलाच नाही, तेव्हा गाव हळहळलं; भाऊ म्हणाले, त्यात काही खोली नव्हती.

खोली होती ती लाडक्या बहिणीत.

२८ जून २०२४ ला अजित पवारांनी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ जाहीर केली आणि त्याच तारखेचा शासन निर्णय निघाला. जीआरला अठरा आकडी संकेतांक असतो, त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. भाऊंना हा संकेतांक तोंडपाठ. नातवाचा मोबाईल नंबर नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न, पाच एकरांच्या आत जमीन, वय साठपर्यंत, अधिवास दाखला आवश्यक: भाऊंनी अर्धं गाव सेतू केंद्रासमोर रांगेत उभं केलं. आठवडाही झाला नाही, तोच ३ जुलैला दुरुस्ती आली. पाच एकरांची अट गेली. वय पासष्ट झालं. अधिवास नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल, मतदार कार्ड चालेल, शाळा सोडल्याचा दाखला चालेल. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको.

गावात आनंद झाला. भाऊ दोन दिवस फारसे जेवले नाहीत. अट शिथिल झाली की त्यांना ते आपल्यावरच्या अविश्वासासारखं वाटतं. ज्यासाठी बायांना तालुक्याला नेलं तो दाखला कोणी बघतच नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. शेवटी ते दाखले त्यांनी फाईलच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले, “पुढं लागन” म्हणून. अर्जाची मुदत वाढत वाढत ऑक्टोबरपर्यंत गेली तेव्हा त्यांचा सूर जरा परतला. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम आले, आणि ज्यांच्या खात्यात आले नाहीत त्या रांगेनं भाऊंच्या ओसरीत आल्या. आधार बँकेला जोडलंय पण कोणत्या बँकेला, हे बाईला माहीत नव्हतं. भाऊंना माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी एका बचत गटाच्या शिबिरात काढलेलं, आता विसरलेलं खातं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा वैद्याचं तेज पाहिलं.

मात्र त्यांच्या घरचा हप्ता पाचशेचाच आला.

याचं ‘वाचा’ असं. भाऊंनी फार वर्षांपूर्वी लक्ष्मीमुक्ती योजनेत काकूंचं नाव सातबाऱ्यावर चढवलं होतं. गावातले पहिले नवरे ते, आणि हे मोठेपण खरंच आहे. पीएम किसान आली तेव्हा कुटुंबातून एकालाच मिळणार म्हणून नोंदणीही त्यांनी काकूंच्याच नावे केली. वर्षाचे सहा हजार. पुढे राज्याच्या नमो शेतकरी महासन्मानचे आणखी सहा. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी पीएम किसानचा सोळावा हप्ता आमच्याच जिल्ह्यातून, भारीच्या सभेतून सोडला, तेव्हा भाऊ मंडपात होते आणि काकूंचा मेसेज त्यांनी शेजारच्या दहा जणांना दाखवला. पण बारा हजार म्हणजे महिन्याला हजार. आणि दुसऱ्या योजनेतून पंधराशेपेक्षा कमी मिळत असेल तर लाडकी बहीण वरचा फरक तेवढा देते. उरले पाचशे.

भाऊंनी हे काकूंना पाटीवर मांडून दाखवलं. पाचशे, पाचशे आणि पाचशे. बेरीज तीच.

“शेताचे पैसे शेताचे,” काकू म्हणाल्या. “भावानं दिले ते भावाचे. भाऊबीजेले मायवाला भाऊ असं म्हनते का, का तुह्या वावरात कापूस झाला, आता ओवाळनी अर्धी?”

यावर जीआरमध्ये तरतूद नाही.

१८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी सक्तीची झाली आणि भाऊ पुन्हा ताठ झाले. त्याआधी जुलैत वातावरण तापलंच होतं: सव्वीस लाखांवर बायांचा लाभ थांबवला, चौदा हजारांवर पुरुषांनी बहीण म्हणून पैसे उचलले, अशा बातम्या. इतरांनी त्या पुरुषांना शिव्या घातल्या. भाऊंना वेगळाच प्रश्न पडला. “पन अर्जातल्या लिंगाच्या रकान्यातून ते पुढं गेलेच कसे?” त्यांच्या आवाजात राग कमी आणि कारागिरीबद्दलचं कुतूहल जास्त होतं.

आता बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा बापाचं आधारही तपासायचं. रेंज शाळेच्या व्हरांड्यात येते, म्हणून दिवेलागणीला भाऊ तिथे. भोवती बाया. नवरा पुण्याला बांधकामावर, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि फोन मुकादमाकडे चार्जिंगला. तेवढ्यात साइट गोल गोल फिरायला लागते. सगळं पार झालं की येतो तो प्रश्न. म्हणजे प्रश्न नाहीच, विधान आहे: कुटुंबातलं कोणी सरकारी नोकरीत नाही. खाली दोन पर्याय, होय आणि नाही.

“नाई,” बाई म्हणते.

“नाई नोको म्हनू. व्हय म्हन.”

“पन कोनी नाई ना नौकरीत.”

“म्हनूनच व्हय.”

“लबाड बोलू?”

“माय वं, ‘नाई’ त्यायनं अगोदरच लिहून ठेवलं. आपल्याले फक्त त्याले व्हय म्हनाचं हाय.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “त्यायनंच लिहिलं तं त्यायले माहीतच हाय ना? मंग मले काहून इचारते?”

भाऊ थांबले. चष्मा काढून पुसला. माझ्या माहितीत त्यांच्यापाशी उत्तर नव्हतं असा हा प्रसंग. तेवढ्यात रेंज गेली म्हणून निभावलं.

एक तरुण बाई मात्र शेवटपर्यंत बोललीच नाही, सगळ्या गेल्यावर पुढे आली. नवरा नाही, बाप नाही. कोणाचं आधार टाकू? भाऊंनी प्रस्तावना केली नाही, ‘वाचा’ म्हटलं नाही. “तुवालं थांबव. याचा नियम नाई निघाला अजून. निघन.” १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरवर गेली आणि नियम निघाला: तिनं आपलीच केवायसी करायची, मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. भाऊंनी दाखल्याच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या. दोन. एक ऑफिस कॉपी.

जानेवारीत कळलं की राज्यभर असंख्य बायांनी त्या ‘नाही’ला ‘नाही’च म्हटलं होतं आणि त्यांचे पैसे थांबले. आता प्रत्यक्ष पडताळणी, अंगणवाडी सेविकांमार्फत. आमच्या गावात व्हरांड्यात बसलेल्या एकीचंही नाव त्यात नव्हतं, तरी सेविका यादी घेऊन निघाली की भाऊ तिच्यामागे निघायचे, रजिस्टर धरायला. बिचारीला आधीच पोषण आहार, लसीकरण आणि वजनकाटा पुरून उरतो. त्यात हे बिनपगारी सहायक. प्रत्येक दारात ती “घरात कोनी सरकारी हाय का?” असं सरळ विचारायची. भाऊंना ते फार उघडंनागडं वाटायचं.

फेरी त्यांच्याच घरी संपली. काकूंनी आपली केवायसी शेजारच्या दहावीतल्या पोरीकडून केव्हाच करून घेतली होती, पहिल्या फटक्यात, बरोबर. भाऊंनी तिचा स्क्रीनशॉट तेव्हा दोनदा तपासला होता आणि चूक न सापडल्यानं खट्टू झाले होते.

“अन् भाऊ, तुमचं कोन्त्या योजनेत नाव?” सेविकेनं सहज विचारलं.

भाऊंनी फाईलच्या तळातून एक कप्पा काढला. मुख्यमंत्री वयोश्री योजना. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकदाच तीन हजार. वय पासष्ट, उत्पन्न दोन लाखांच्या आत. भाऊ त्रेसष्टचे आहेत. अर्ज भरलेला, फोटो चिकटवलेला, फक्त तारीख कोरी.

“दोन वर्षं हायेत ना अजून,” सेविका म्हणाली. “तवापरेंत निकष बदलन, भाऊ.”

“बदलनच!” भाऊ म्हणाले, आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी मागे लावलेले कोरे कागद तिला मोजून दाखवू लागले. काकू आतून म्हणाल्या, “बाई, तू जाय. चहा मी मांडला नाई अजून.”