चार ट्रँगलवाले काका

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या टूलरूममध्ये हयात घालवलेला माणूस निवृत्त झाला, की एकतर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर गॅलरीत छोटा लेथ बसवतो. पहिला इतरांना छळतो. दुसरा स्वतःला छळतो आणि अधूनमधून आपल्याला बोलावून दाखवतो.

हे काका ओळखायला सोपे. पाण्याचं भांडं पुढे केलं, की ते आधी रिकामंच हातात घेऊन ट्यूबलाइटखाली तिरकं धरतात. ‘बफिंगला घाई केलीय,’ असं पुटपुटतात आणि मगच पाणी मागतात. जुन्या मशीन ड्रॉइंगवर फिनिश त्रिकोणांनी दाखवायची पद्धत होती: एक ट्रँगल म्हणजे खडबडीत, चार म्हणजे आरसा. काका अजून जग त्याच मापानं मोजतात. धाकटे जावई कसे आहेत, विचारलं तर म्हणतात, ‘दोन ट्रँगल. पण मटेरियल चांगलं आहे.’

लेथवर काढतात काय, तर भोवरे, पेनं, बुद्धिबळातली प्यादी. बोटभर जॉब. टर्निंग चहा निवायच्या आत उरकतं, खरा संसार त्यानंतर. आधी २४० नंबरचा पेपर, मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००; पुढे वॉटर पेपर, १५०० आणि २०००. प्रत्येक नंबराचं काम एकच: आधीच्यानं पाडलेले ओरखडे पुसायचे आणि आपले, जरा बारीक, पाडून जायचं. सरकारं बदलतात तसंच. मधला एक नंबर गाळलात, तर शेवटी बफवर चकाकी येते आणि ४०० नंबरचा एकुलता एक चरा त्या चकाकीतूनच तुमच्याकडे बघून हसतो. शिवाय फिरत्या जॉबवर घासलं की गोल रिंगा पडतात. म्हणून दर नंबराला लेथ थांबवून लांबीच्या दिशेनं हात मारायचा. नंबर बदलताना जॉब पुसायचा, कारण जाड पेपरचा एक कण मागे राहिला तरी सगळं मुसळ केरात. फिरत्या जॉबला कापड लावायचं नाही, ते चकमध्ये गुंडाळलं तर बोटंही सोबत नेतं. कागदी नॅपकिन लावायचा. लग्नाच्या पंक्तीतून काका मूठभर नॅपकिन खिशात कोंबून उठतात, ते यासाठी.

बफच्या चाकाला मात्र मऊ सुतीच लागतं. काकूंची एखादी साडी धुऊन-धुऊन मऊ पडू लागली, की काका तिच्याकडे फार प्रेमानं बघू लागतात. सुरुवातीला काकूंचा गैरसमज झाला होता.

नातवाला दिलेला भोवरा तर इतका गुळगुळीत निघाला, की त्यावर दोरीच ठरेना. पोरगं हुशार. त्यानं तो गेटबाहेरच्या डांबरी रस्त्यावर घासला आणि झकास फिरवला. काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

पण काकांना खरा धक्का दिला तो म्हैसूरच्या वाटेवरच्या चन्नपट्टणनं. तिथल्या कारागिरानं फिरत्या लाकडावर लाखेची लाल कांडी टेकवली. घर्षणानं तापून लाख वितळली, लाकडावर चढली. मग त्यानं केवड्याच्या पानाची पट्टी दाबून धरली, आणि हां हां म्हणता आरसा! बाकीची सहल खेळण्यांचा भाव पाडत होती. काका घोगऱ्या आवाजात विचारत होते, ‘हे पान किती नंबरचं?’ पान काही खरवडतच नाही, गरम लाख नुसती सपाट पसरवतं, हे बसमध्ये कोणीतरी समजावलं. घाटापर्यंत काका गप्प होते.

आता गॅलरीत लेथशेजारी निळ्या ड्रममध्ये केवडा लावलाय. खालच्या मजल्यावरच्या आजी तणतणत वर आल्या. ‘अहो, केवड्याला साप येतात!’

‘येऊ देत की,’ काका म्हणाले. ‘त्याचं फिनिश एकदा जवळून बघायचंच आहे मला.’