पहिल्या डावाची आघाडी

क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्राचे तीन तुकडे आहेत, हे आमच्या राहुरीत कुणाला सांगायला गेलं की लोक सांगणाऱ्याच्याच तब्येतीची चौकशी करतात. १ मे १९६० रोजी राज्य एक झालं ते राजकारणात. रणजी करंडकात मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा आणि या दोघांना वगळून जे उरतं त्याला महाराष्ट्र म्हणतात. त्या उरलेल्याचा मी पाठीराखा आहे.

कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरात, मी टपरीवर जाहीर करतो की यंदा रणजी आपली. मग ठरलेला संवाद होतो.

"आपली म्हंजी मुंबईची ना, मास्तर?"

"नाही. महाराष्ट्राची."

"मुंबई महाराष्ट्रात नाय?"

"आहे. क्रिकेटात नाही."

"जरा हळू बोला. कुणी ऐकलं तर मोर्चा काढतील."

आकडे सांगावेत तर त्यांचाही आधार नाही. मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली आहे. विदर्भ कालपरवापर्यंत कुणाच्या खिजगणतीत नव्हता, त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा जिंकली. आम्ही दोनदा. १९३९-४० आणि १९४०-४१. म्हणजे आमच्या दोन्ही विजयांच्या वेळी गादीवर इंग्रजांचा राजा होता. पुढे स्वातंत्र्य आलं आणि आमचं बिनसलं.

त्या दोन्ही संघांचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे. दुसऱ्या विजेतेपदाच्या हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. आमच्या शाळेत या वयाच्या शिक्षकाला वरच्या मजल्यावर तास लागला तर तो गुडघ्यांचं प्रमाणपत्र जोडून अर्ज करतो. देवधर १०१ वर्षं जगले आणि १९९३ साली गेले. महाराष्ट्राचं तिसरं विजेतेपद बघायला एवढं आयुष्यसुद्धा पुरलं नाही. मी तर आत्तापासूनच रक्तदाबाच्या गोळ्या घेतो.

विजेतेपद नसलं तरी विक्रम आहेत, असं मी स्वतःला समजावतो. पण आमचे विक्रमही पुरे होत नाहीत. डिसेंबर १९४८. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध सामना. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. त्या काळचा जागतिक उच्चांक ब्रॅडमनचा, ४५२ धावांचा. बरोबरीला नऊ कमी, मोडायला दहा. महाराष्ट्र ४ बाद ८२६. आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव सोडा, नाहीतर आम्ही निघालो. आमच्या लोकांनी डाव काही सोडला नाही, म्हणून ते खरोखरच निघून गेले. निंबाळकर तसेच नाबाद राहिले आणि पुढे त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. प्रतिस्पर्धी पळून गेला म्हणून नुकसान झालेला असा संघ दुसरा दाखवा, मी मुंबईला पाठिंबा देईन.

अंतिम फेरीचंही आमचं एक पंचांग आहे. १९७०-७१ला आम्ही अंतिम सामन्यात होतो. समोर मुंबई, पण वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर सगळे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर. घरी उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईक उतरले. याहून बरा मुहूर्त कोणत्या भटजीने काढून दिला असता? आम्ही ४८ धावांनी हरलो. मग १९९२-९३, समोर पंजाब, हरलो. मग २०१३-१४. त्या वर्षी केदार जाधवने हंगामात १२२३ धावा कुटल्या. उपांत्यपूर्व फेरीत आपण मुंबईला वानखेडेवर, त्यांच्या अंगणात, लोळवलं. मी शाळेत पेढे वाटले. मुख्याध्यापकांना वाटलं मला वेतनश्रेणी मिळाली. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकने आपल्याला सात गडी राखून घरी पाठवलं आणि उरलेले पेढे मीच खाल्ले. आता अंतर बघा. आधी २२ वर्षं, मग २१. या गतीने पुढची अंतिम फेरी २०३५च्या आसपास पडते. तोवर दर वर्षी 'यंदा' म्हणत राहायचं, एवढंच आपल्या हाती.

हे सगळं सोसलं असतं. पण नगर जिल्ह्यात राहून महाराष्ट्राचा पाठीराखा होणं म्हणजे घरच्या जखमेवर घरचंच मीठ आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पण 'नगरला जाऊन येतो' म्हणायची जिभेला सवय आहे, ती अधिसूचनेने जात नाही.)

झहीर खान श्रीरामपूरचा. आमच्या शेजारचा तालुका. डावखुरा, वेगवान, रिव्हर्स स्विंगचा बादशहा. २०११च्या विश्वचषकात २१ बळी. आणि रणजी? रणजी तो बडोद्याकडून खेळला. २०००-०१ला बडोदा जिंकलं, त्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात रेल्वेचं कंबरडं या श्रीरामपूरकराने मोडलं. पुढे तो मुंबईला गेला आणि २००६-०७ला मुंबईला करंडक मिळवून देणाऱ्यांत होता. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मला, वाढला डोंबिवलीत. २०२३-२४ला मुंबईचा कर्णधार म्हणून त्याने रणजी उचलली, तीही विदर्भाला हरवून. अंतिम सामना वानखेडेवर. एक संघ मुंबई, दुसरा विदर्भ, जिंकणारा कर्णधार नगर जिल्ह्यातला. अख्खं राज्य तिथे हजर होतं, फक्त महाराष्ट्र नव्हता.

म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत नगर जिल्ह्याने रणजी निदान तीनदा जिंकली आहे. महाराष्ट्राकडून तेवढी नाही.

मला वाटतं आपले खेळाडू बाहेर जाण्याची ही सुरुवात विजय हजाऱ्यांपासून झाली. मूळचे सांगलीचे. १९३९-४०ला महाराष्ट्राकडून त्यांनी नाबाद ३१६ काढल्या. रणजीतलं पहिलं त्रिशतक ते. कुणाविरुद्ध? बडोद्याविरुद्ध. बडोदेकरांनी शांतपणे तो मार खाल्ला आणि नंतर मारणाऱ्यालाच आपल्याकडे नेलं. एवढी दूरदृष्टी असलेल्या लोकांशी आपण काय स्पर्धा करणार!

गावात यावर सहानुभूती मिळत नाही. उत्तर नगरवाले म्हणतात, झहीर आणि अजिंक्य दोघेही आमच्याकडचे, तुम्ही कुणीकडून का मोजाना. जिल्ह्याचं विभाजन झालं तर मुख्यालय संगमनेरला की श्रीरामपूरला, हा वाद जुना आहे. मध्येच शिर्डी हात वर करते. या वादात आता दोघांकडे एकेक क्रिकेटपटूही आहे. पाथर्डीचा माझा एक साडू म्हणतो, "तुमच्याकडं पाणीबी आन् खेळाडूबी. आमच्याकडं नुसता भगवानगड." यावर आपण काय बोलणार.

पाण्यावरून आठवलं. २०२३ला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा मी हुरळलो होतो. वाटलं, आता तरी आपला संघ. सहा संघ जाहीर झाले: पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात पहिला असलेला जिल्हा त्यात नव्हता. ठीक आहे, शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी आपलं म्हणू. म्हणून चार्ट घेऊन बसलो.

नाशिक? गोदावरी कालव्यांच्या आवर्तनासाठी कोपरगाव-राहात्याकडचे आमचे लोक नाशिकवाल्यांच्या नावाने बोटं मोडतात. संभाजीनगर? समन्यायी पाणीवाटपाचा विषय निघाला की आमच्या मुळा-भंडारदऱ्याचं पाणी जायकवाडीला जातं. दर दोन-तीन वर्षांनी इथे त्यावर आंदोलन होतं, तिथे दुसऱ्या बाजूने तेच आंदोलन होतं. त्यांच्या फलंदाजाला टाळ्या वाजवताना कुणी पाहिलं तर मला सोसायटीचं कर्ज मिळणार नाही. पुणे? कुकडीचं पाणी. श्रीगोंदा-कर्जतवाल्यांसमोर पुण्याचं नाव काढून बघा. सोलापूर? तीच कुकडी, खालच्या टोकाला करमाळा. कोल्हापूरशी पाण्याचं भांडण नाही, पण त्यांच्या उसाला मिळणारा भाव दर हंगामात पेपरात छापून येतो आणि त्या दिवशी आमच्याकडे जेवण जात नाही.

राहिली रत्नागिरी. भांडण नाही, तंटा नाही, उलट कोकणातलं वाया जाणारं पाणी इकडे वळवा अशी आमचीच मागणी. मी रत्नागिरी जेट्सचा झालो. पहिल्याच वर्षी अंतिम सामना पावसात वाहून गेला आणि गुणतक्त्यात वर असल्याने करंडक रत्नागिरीला मिळाला! पाण्याने मला काही दिल्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. २०२४लाही तेच जिंकले. बायको म्हणाली, "बघा, सवय लागू देऊ नका." ती माहेरची जामखेडची आहे, तिला आशेचे धोके माहीत आहेत.

तिचंच बरोबर निघतं. रणजीत आशा इतक्या वेगवेगळ्या रीतीने मोडते की कौतुक वाटावं. जानेवारी २०२३, ब्रेबर्न स्टेडियम, साखळीचा शेवटचा सामना, समोर पुन्हा मुंबई. पहिल्या डावाची आघाडी घेतली असती तर आम्ही बाद फेरीत. अनभिज्ञ वाचकासाठी सांगतो, चार दिवसांत सामना निकाली लागला नाही तर पहिल्या डावात पुढे असलेल्याला तीन गुण, मागे राहिलेल्याला एक. आम्ही ३८४. केदार जाधवचं शतक. मुंबईचे गडी पडत होते आणि धावाही होत होत्या. मी फोनवर धावफलक उघडून वर्गात मोगलांचा ऱ्हास शिकवत होतो. मुंबई सर्वबाद झाली. किती? ३८४. एक धाव इकडे नाही की तिकडे नाही. दोघांनाही एकेक गुण, दोघेही घरी, बाद फेरीत आंध्र. वर्गातल्या एका पोराने विचारलं, "सर, कोण गेलं?" मी म्हणालो, "औरंगजेब."

आणखी एक गाठ आहे, ती मात्र फक्त रणजीच्याच पाठीराख्याच्या नशिबी. आमचा ऋतुराज गायकवाड. २०२२च्या विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, त्यातला एक नोबॉलवर. षटकात ४३ धावा. अंतिम सामन्यातही त्याचं शतक, आणि आम्ही सौराष्ट्राकडून हरलो, हे ओघाने आलंच. आता मी देवापुढे मागायचं काय? ऋतुराजने धावा काढाव्यात. पण फार काढू नयेत. फार काढल्या की त्याला भारतीय संघात नेतात आणि महाराष्ट्राच्या फलंदाजीत भोक पडतं. शतक ठोकावं, पण त्या दिवशी निवड समितीच्या गावात वीज गेलेली असावी. शिर्डीला जाऊन असं नेमकं साकडं कसं घालणार? बाबा श्रद्धा आणि सबुरी सांगतात, कलमं-उपकलमं ऐकत नाहीत.

तरीही यंदाची गोष्ट वेगळी आहे. (हे वाक्य मी दर वर्षी म्हणतो, पण यंदा त्याला पुरावा आहे.) यंदा, २०२५ साली, मुंबईचा पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. केरळकडून खेळणारा जलज सक्सेना आला. इतकी वर्षं मोंढ्यातून माल बाहेरच जात होता, आता आवक सुरू झाली! मी मुंबईतल्या भाच्याला फोन करून ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, पहिला सामना तर होऊ दे."

पहिला सामना दिवाळीच्या तोंडावर तिरुवनंतपुरमला, केरळशीच. घरात करंज्यांचं सारण चाललं होतं. मी फोन उघडला. महाराष्ट्र, शून्य धावा, तीन बाद. मला वाटलं नेटवर्क गेलंय. थोड्या वेळाने पाच बाद १८. भाच्याचा संदेश आला, त्यात शब्द नव्हते, नुसती हसणारी तोंडं होती. मी फोन पिठाच्या डब्यात ठेवला. पण सवय वाईट. संध्याकाळी काढून पाहतो तर ऋतुराज ९१, त्याच्या जोडीला जलज सक्सेना ४९. शेवटी एकूण २३९. आणि पुढे केरळ? २१९!

वीस धावांची आघाडी. पहिल्या डावाची. सामना अनिर्णित, तीन गुण आपले. मी हे ओरडून सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं, "जिंकले का?"

"नाही."

"मग हरले?"

"नाही गं, पहिल्या डावात पुढे होते."

"म्हणजे अजून काहीच झालं नाही," असं म्हणून तिने माझ्या पुढ्यात करंज्यांची परात सरकवली आणि कातणं हातात दिलं.

दिवाळी उरकली. दुसरा सामना चंदीगडशी. पहिल्या डावात ऋतुराजचं शतक. दुसऱ्या डावात पृथ्वी शॉने १४१ चेंडूंत द्विशतक पुरं केलं, एकूण २२२. मला हे कळायच्या आधी भाच्याचा फोन. आवाजात मुंबईचा माणूस हरवल्याचं दुःख, पण प्रामाणिक पोरगा.

"मामा, मानलं. २२२! हा असाच खेळला ना, तर बघ, त्याला आणि ऋतुराजला दोघांनाही टीम इंडियात उचलतात की नाही."

"शुभ बोल रे नाऱ्या," मी म्हणालो. "आणि उचलायचंच असेल तर फेब्रुवारीनंतर म्हणावं."