चारित्र्य प्रमाणपत्रास एका निरंक माणसाचे पत्र

प्रति,
मा. चारित्र्य प्रमाणपत्र साहेब,
मुक्काम : कधी पोलीस अधीक्षक कार्यालय, कधी पासपोर्ट कार्यालय, बहुतेक वेळा ‘प्रलंबित’.

विषय : आमच्या घरातील दोघांचे चारित्र्य शुद्ध असल्याबाबत.
संदर्भ : आपल्यासाठी घातलेले सात हेलपाटे.

महोदय,

मी पलूस तालुक्यातला निवृत्त मुख्याध्यापक. तुमच्याच व्यवसायातला म्हणा ना! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. त्यात मी सारी नोकरीभर ‘चांगली’ एवढा एकच शब्द लिहिला. खिडकीच्या काचा फोडणाऱ्याला चांगली, माझ्या सायकलची हवा सोडणाऱ्यालाही चांगली. पण ती पोरं मला माहीत होती, हा आपल्या दोघांतला फरक.

यंदा आमच्या घरात तुमची एकदम दोन कामं निघाली. मुलगी मिरजेत नर्सिंग शिकली, तिला जर्मनीला जायचं होतं. पुतण्याला कुपवाडच्या एमआयडीसीत सुरक्षा रक्षकाची नोकरी मिळत होती. दोघांना तुम्हीच हवे होतात, म्हणून मी भोळेपणाने दोघांचे कागद एकाच पिशवीत घालून निघालो. कार्यालयात कळलं की तुमची घराणी दोन आहेत. परदेशासाठीचे तुम्ही पासपोर्ट खात्याचे. सातारा-सांगलीकरांना पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाचे, ऑनलाइन अर्जाने, पाचशे रुपये भरून. २८ सप्टेंबर २०२२ पासून हा अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही घेतात, ही सोय झाली, त्याबद्दल आभार. नोकरीसाठीचे तुम्ही मात्र राज्याच्या पोलीस खात्याचे. त्यांचं संकेतस्थळ वेगळं, लॉगिन वेगळं. पडताळणीला मात्र दोन्ही घराण्यांचे दूत आमच्याच दारात.

त्या दिवसाची हकीकत सांगतो. गोपनीय शाखेचे हवालदार मोटारसायकलवरून आले. माणूस सभ्य, चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. आधार कार्ड, लाइट बिल, शाळेचा दाखला, ओळखीची दोन प्रतिष्ठित माणसं, सगळं बघून अर्ध्या तासात गेले. पण जाता जाता ‘गोपनीय’ या शब्दाची पार वाट लावून गेले. संध्याकाळी पारावर चर्चा सुरू : ‘गुरुजींच्या घरी पोलीस आलं होतं म्हणं.’ दूध घालायला गेलो तर डेअरीवाल्याने हळूच विचारलं, ‘जामीन मिळंल ना?’ सत्तर वर्षांत या घराविषयी कुणी वाकडा शब्द काढला नव्हता. चारित्र्य शुद्ध असल्याचा दाखला मागितला आणि चारित्र्यावर पहिला शिंतोडा उडाला.

बरं, इतकं सोसून तुम्ही सांगता काय? नोंदी तपासल्या, प्रतिकूल काही आढळून आलं नाही. थोडक्यात, निरंक. तुमच्या शब्दकोशात माणसाची यापेक्षा मोठी स्तुती नाही. पण साहेब, रक्त-लघवीच्या रिपोर्टात काही निघालं नाही म्हणून डॉक्टर कुणाला हिंदकेसरी म्हणत नाहीत. माझ्या मुलीने कोविडच्या वॉर्डात रात्री काढल्या, पुतण्याने महापुरात कृष्णेच्या पाण्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. त्यासाठी तुमच्याकडे रकाना नाही. तरीही स्वतःला ‘चारित्र्य’ म्हणवून घ्यायचा तुमचा धीर मोठा!

त्यातही हे चारित्र्य नाशवंत. अनेक वकिलातींना तुम्ही ताजे लागता, सहा महिन्यांच्या आतले. भिलवडीच्या दुधाच्या पिशवीवर तारीख असते हे ठाऊक होतं. माझ्या मुलीच्या चारित्र्यावरही असते हे यंदा कळलं.

आता राग मानू नका, एक खासगी प्रश्न विचारतो. तुम्ही आमच्या मुलुखात १९४३ साली असता तर कुणाकुणाला मिळाला असता? तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हता आणि आमच्या कुंडलच्या परिसरात इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार चालत होतं. त्याच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगार घेऊन जाणारी रेल्वेगाडी लुटली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तटावरून खंदकात उड्या घेतल्या, गोळी लागली, पुन्हा पकडले गेले. पुढे ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील वर्षानुवर्षं भूमिगत होते. १९५७ साली साताऱ्याने त्यांना लोकसभेत पाठवलं. आणि देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण? कराडात शाळकरी असताना १९३२ साली झेंडा लावला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झालेले. ते १९६६ साली देशाचे गृहमंत्री झाले, म्हणजे पोलिसांचेच वरिष्ठ. एमआयडीसीच्या फाटकावर रखवालदार म्हणून यांतल्या एकालाही उभं राहता आलं नसतं. दप्तरात सगळ्यांच्या नावापुढे भरभरून नोंदी. निरंक तेवढे आम्ही!

तुम्ही म्हणाल, ते स्वातंत्र्याचं युद्ध होतं, आमचा साध्या गुन्हेगारांशी संबंध. ठीक आहे, साध्या गुन्हेगारांचंही ऐका. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास तिथे बिनभिंतीचा तुरुंग काढला. शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचला आणि त्याचे लेखक गदिमा आटपाडीकडचेच. आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंग भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं होतं, ही गोष्ट इकडे अजून सांगतात. कारखाना चोरीला गेला नाही.

ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. सुरक्षा रक्षकाची पूर्वपीठिका तपासावी असं २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदाच सांगतो, आणि शाळेच्या बसवर, रुग्णालयात, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी माणूस ठेवताना चौकशी हवीच. माझी तक्रार तुमच्या नजरेबद्दल आहे. तुम्हाला खटला दिसतो, खटल्यातला माणूस दिसत नाही. ऊसदराच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेलं पोरगं आणि घरफोडी करणारा दोघेही तुमच्या लेखी ‘नोंद आहे’. टाळेबंदीत दळण आणायला बाहेर पडलेल्यांवर सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ लागलं. पुढे नोकरी आणि पासपोर्टच्या पडताळणीत तीच पोरं अडकू लागली, तेव्हा २०२२ साली हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय सरकारला करावा लागला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सांगितलं की कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब उमेदवाराने सांगितली नसली, तरी नोकरी देणाऱ्याला ती सोडून देता येईल.

आणि गंमत बघा. रखवालदारावर साधा खटला चालू असला तर नोकरी हातची जाते. ज्या विधानसभेत कायदे होतात तिथे जाणाऱ्याने मात्र शपथपत्रात खटल्यांची यादी दिली आणि ती वृत्तपत्रांत जाहीर केली की काम भागतं. फाटकावरचा माणूस निरंक हवा, फाटकातून थाटात आत जाणाऱ्यावर खटले असले तरी चालेल.

म्हणून तीन मागण्या. पहिली, आपलं नाव बदलून घ्या. ‘गुन्हा नोंद नसल्याचा दाखला’ हे नाव खरं आहे, तेवढंच ठेवा. दुसरी, नोंद असलीच तर ती कशाची, खटल्याचं पुढे काय झालं, सुटका झाली का, हे स्पष्ट लिहा. ‘प्रतिकूल’ या एका शब्दात पोराचं आयुष्य गुंडाळू नका. तिसरी, वेळेवर या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत आहे आणि मुदत चुकली तर अपीलही आहे, हे अर्ज करणाऱ्यापेक्षा अर्ज घेणाऱ्याला आधी सांगा.

अर्ज करणाऱ्या पोरांनो, तुम्हालाही तुमच्या गुरुजींचा एक शब्द. खटला असेल तर अर्जात लपवू नका. नुसत्या लपवाछपवीनेही नोकऱ्या जातात. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत फाइलला जोडा आणि पोचपावती जपून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपला निरंक,
एक निवृत्त मुख्याध्यापक

ता. क. : आपण दोघेही अखेर आलात. मुलगी जर्मनीला गेली, पुतण्या कामावर रुजू झाला. आपल्याला कपाटात ठेवलं आहे, त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांशेजारी. त्या दोन्ही दाखल्यांवर वर्तणुकीच्या रकान्यात माझ्या हाताने ‘चांगली’ लिहिलेलं आहे, आणि त्याला मुदत नाही.