पोटोबासाहेबांस दोन पायांचे अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. पोटोबासाहेब,
मुक्काम : पट्ट्याच्या वर, शर्टाच्या शेवटच्या तीन बटणांमागे.

विषय : आपल्या भरभराटीबद्दल अभिनंदन आणि आमच्या बेकारीबद्दल निवेदन.

महोदय,

वाकून नमस्कार करायचा होता. पण मालक वाकायला गेले की मध्ये आपण येता, म्हणून उभ्यानेच रामराम.

आम्ही आपल्याच पदरी असलेले दोन नोकर, डावा आणि उजवा. ओळख पटायला वेळ लागेल. गेली काही वर्षे मालक मान खाली घालतात तेव्हा त्यांना आपण दिसता, आम्ही दिसत नाही. आंघोळीच्या वेळी साबण आमच्यापर्यंत पोचतो, तोही घरंगळत.

प्रथम अभिनंदन. समाजात आपल्याला जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्या अवयवाला नाही. लग्नानंतर आपण चार बोटे पुढे आलात, तेव्हा नातेवाइकांनी ‘लग्न मानवलं हो’ म्हणून कौतुक केले. मग बढती मिळाली, गाडी आली, आपण आणखी पुढे सरकलात. तेव्हा ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ असे शिक्कामोर्तब झाले. कुणी फारच टोचून बोलले, तर मालक लंबोदराचा दाखला देऊन मोकळे होतात. बाप्पा एवढे पोट सांभाळून उंदरावर बसतो आणि मालकांना पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट लागते, एवढाच काय तो फरक. उलट ‘काय भरदार पोटऱ्या आहेत रे तुझ्या’ असे आजवर कुठल्या मावशीने म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता मूळ मुद्दा. साहेब, आपली भरभराट आणि आमची बेकारी या बरोबरच सुरू झाल्या. दूध आणायला स्कूटर निघू लागली, तेव्हा आम्ही गप्प बसलो. पाटावरची पंगत उठून टेबलावर गेली, संडासात कमोड आला, गुडघ्यांचे उठणे-बसणे निम्म्यावर आले, तेव्हाही गप्पच. वाण्याकडे जायचे तेवढे उरले होते, तर आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा दाराशी येते. ऑफिसात खुर्चीला चाके आहेत. कपाटापर्यंत मालक बसल्या बसल्या जातात, आम्ही फक्त ढकलतो. कामावरून काढल्याची नोटीस कुणी दिली नाही. ही सक्तीची रजा आहे, आणि पूर्ण पगारी. मात्र आमचा पगार म्हणजे अन्न, आणि तो परस्पर आपल्या खात्यात जमा होतो.

हे आम्ही मत्सरापोटी बोलत नाही. जेवणानंतर रक्तात साखर चढते, तेव्हा ती उचलण्यात मोठा वाटा स्नायूंचा असतो, आणि अंगातले सर्वांत थोराड स्नायू मांड्यांत आणि कुल्ल्यांत, म्हणजे आमच्याच हद्दीत आहेत. चालायला लागलो की आम्ही इन्शुलिनच्या हुकमाची फार वाट न पाहताही साखर खर्ची घालतो. बसून राहिलो की ती उचल मंदावते, आणि रोजची शिल्लक चरबी होऊन आपल्याकडे येते. ती कातडीखाली निमूट पडून राहिली असती तर एवढी तक्रार नव्हती. पण आपला खरा कारभार आत, आतड्यांभोवती चालतो. तिथल्या चरबीतून सुटलेली मेदाम्ले शिरेवाटे थेट यकृतात उतरतात. मग यकृतात चरबी साठते, इन्शुलिनचे कुणी ऐकेनासे होते, ट्रायग्लिसराइड चढते, रक्तदाब चढतो. हे सगळे होत असताना आपण दुखत नाही, खुपत नाही. फार तर गुरगुरता, आणि मालकांना वाटते, भूक लागली.

आपल्या घराण्याचा नामांकित अभ्यास पुण्यातच झाला, हे आपल्याला ठाऊक असेलच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा : २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वरून बारीक आणि आतून चरबीदार, ही आपली खास भारतीय ठेवण, आणि तिची सुरुवात आईच्या उदरात होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत बरीच मागे होती, पण कातडीखालच्या चरबीत त्या मानाने फारशी मागे नव्हती. म्हणजे साहेब, झुकते माप आपल्याला पाळण्यापासूनच आहे.

म्हणून ‘माझं वजन तर बरोबर आहे’ हे मालकांचे वाक्य आपल्याला मिळालेले सर्वांत भक्कम संरक्षण. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बघा. वजन-उंचीच्या हिशेबाने लठ्ठ निघाले २८.६ टक्के लोक. टेप पोटाभोवती फिरवली, तर ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपण सुखेनैव नांदता. त्याच पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत.

आपल्याविरुद्ध मोहिमा निघाल्या नाहीत असे नाही. आपण त्या सगळ्या पचवल्या. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे ‘दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत’ आणि ऋजुता दिवेकरांचे ‘थोडे थोडे, वरचेवर’ यावरून घराघरांत रणे माजली. आमच्या मालकांनी कुणालाच दुखावले नाही : दोन भरपेट जेवणे दीक्षितांची, मधले खाणे दिवेकरांचे. एकादशीला भाताला सुट्टी दिली जाते आणि त्याच्या जागी साबुदाणा रुजू होतो, सोबतीला बटाटा, दाण्याचे कूट आणि सढळ तूप. २०२५ च्या जुलैत सरकारी कार्यालयांत समोसा-जिलबीतल्या तेल-साखरेचे फलक लागणार, अशी बातमी आली. नागपूरच्या एम्सचे नावही त्यात होते. त्यावर इतका गदारोळ झाला, की कुठल्याही पदार्थावर धोक्याचा इशारा छापायचा नाही, असा खुलासा सरकारी पातळीवरून आला. मालकांनी ती बातमी वडापाव खाता खाता वाचली आणि दोन्ही बाजूंना दाद दिली.

आपल्या भगिनी, म्हणजे मालकीणबाईंचे पोट, यांच्या वतीनेही दोन शब्द. सगळ्यांची पाने उठली की पातेल्यातला मूठभर भात, पोरांनी टाकलेली अर्धी पोळी आणि वाटीभर आमटी ‘वाया जाऊ नये’ म्हणून तिथे रवाना होते. अन्न वाया जाऊ नये हे खरेच; पण त्यासाठी घरात एकच जागा नेमून दिलेली आहे, आणि ती जागा म्हणजे दिवसभर राबलेली बाई. बाळंतपणानंतर त्या पोटाकडे कुणी विचारपूस करायला फिरकलेही नाही. ‘आता असंच राहायचं’ असा शेरा मारून सासू, शेजारीण आणि खुद्द मालकीणबाई यांनी एकमताने फाइल बंद केली.

सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. महिन्यातून एकदा आपली मोजणी व्हावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा. टेप नसेल तर उंचीएवढी सुतळी घेऊन मधोमध दुमडावी. ती अर्धी सुतळी कमरेभोवती पुरली पाहिजे. लग्नाच्या फोटोत रोखतात तसा श्वास रोखून काढलेले माप ग्राह्य धरले जाणार नाही.

२. जेवणानंतर शतपावली पूर्ववत सुरू व्हावी. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. ‘जरा टेकतो’ म्हणून सोफ्यावर जाणे तहकूब करावे.

३. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तेवढे काम आमच्या नावे लावावे. जिने चालतील, उठाबशाही चालतील. शाळेत ती शिक्षा होती म्हणून घरात अपमान मानण्याचे कारण नाही. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरवण्याचा नाद मात्र सोडावा. चरबी आधी कुठून काढायची, ते अंग ठरवते, टीव्हीवर पट्टे विकणारा नाही.

४. उरलेले अन्न फ्रिजमध्ये जावे, आणि दुसऱ्या दिवशी ते घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावे. भांडे लावतानाच वाटीभर तांदूळ कमी घेतला, तर हा प्रश्न निघणारही नाही.

यात नवलाचे काही मागितलेले नाही. उंबरठ्यावरच्या लोकांना नियमित चालायला लावले आणि खाण्याला वळण लावले, तर मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसले. विशेष म्हणजे त्या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते. तेव्हा आपण लगेच सपाट व्हावे, असा आमचा हट्ट नाही. आपण थोडे मागे सरा, आम्हाला थोडे पुढे जाऊ द्या.

मागण्या मान्य न झाल्यास संपावर जाऊ, अशी धमकी देण्याची रीत आहे. पण आम्ही बसूनच आहोत. आमचा संप कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून धमकीऐवजी वस्तुस्थिती सांगतो. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की वसुली आमच्याकडून होते. तळव्यांना मुंग्या येतात, मग बधिरपणा. चप्पल निसटली तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, रक्त नीट पोचत नाही, आणि कापण्याची पाळी आलीच, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर आपले काही जात नाही. बोटे आमची जातात, पाऊल आमचे जाते. श्रीखंड आपण खाल्लेले असते, आणि आम्हाला त्यातला चमचाही कधी मिळालेला नसतो.

तरीही जुने हिशेब आम्ही काढत नाही. नव्या बुटांची, महागड्या घड्याळाची, जिमच्या वार्षिक वर्गणीची अट नाही. जुन्या चपलाही चालतील. आज रात्री जेवण झाले की फाटकापर्यंत जाऊन येण्याचे काम निघाले, तरी आम्ही दोघे हजर आहोत.

आपले भारवाहू,
डावा व उजवा

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी :

१. जीभ : पत्र वाचावे, चघळू नये.

२. यकृत : आपल्याला तक्रार करण्याची सवय नाही, म्हणून मुद्दाम कळवीत आहोत.

३. मेंदू : आमची यापूर्वीची सर्व निवेदने आपल्याकडे ‘येत्या सोमवारपासून’ या शेऱ्यासह पडून आहेत. कोणता सोमवार, ते तारखेनिशी कळवावे.