खांदा नेमका कोणाचा?

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असलेल्या बाईला साधं दुखणं होऊच शकत नाही, अशी सगळ्यांची ठाम समजूत आहे. मला शिंक आली तरी आमच्याकडे "एमएसमुळे का गं?" असं विचारतात. त्यामुळे उजवा खांदा ठणकायला लागला तेव्हा त्याची जबाबदारी घ्यायला कोणीच तयार होईना. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय उजेडाकडे धरून सांगितलं, "हे हाडवाल्यांचं." हाडांच्या डॉक्टरांनी माझी जाडजूड फाइल उघडली, दोन पानं वाचली आणि अदबीने मिटली. "तुमचं मुळात न्यूरोचं दिसतंय." फी मात्र दोघांनीही आपलीच मानून घेतली.

त्यांचाही इलाज नसतो म्हणा. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. उंदराने वायरीवरचं प्लॅस्टिक खाल्लं की पंख्याचं बटण दाबल्यावर भलतंच काहीतरी सुरू व्हावं, तसा कारभार. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, पाण्यात न जाता पाय ओले वाटतात. अशा घरात एखादं खरंखुरं, सांध्यातलं, इमानदार दुखणं आलं तरी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

सासूबाईंनी ठेवला. त्यांनी महानारायण तेल काढलं, चोळून दिलं आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. खांद्याला स्वर्गसुख! पाच मिनिटांनी समोरच्या टीव्हीवरची निवेदिका धूसर झाली आणि चहाला उठायला गेले तर पायांनी राजीनामा दिलेला. एमएसला उष्णता सोसत नाही. अंग जरासं तापलं की खराब झालेल्या तंतूंमधून निरोप पुढे सरकत नाही. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने हे १८९० सालीच लिहून ठेवलंय. एमआरआय नव्हता तेव्हा तर संशयित रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे. सासूबाईंनी तीच तपासणी सोफ्यावर केली. गार झाल्यावर सगळं पूर्ववत होतं, म्हणून आता खांद्यावर शेक, मानेवर ओला पंचा आणि हातात गार सरबत, अशी माझी बैठक असते. ऐन मे महिन्यात या अवतारात पाहुण्यांसमोर बसलं की ते फार वेळ थांबत नाहीत, हा वेगळा फायदा.

शेवटी गुन्हेगार सापडला तो फिजिओथेरपिस्ट मुलीला. तिने एमआरआय मागितलाच नाही. "काकू, जरा चालून दाखवा." मी चालले. तिने काठीकडे बघितलं. काठी मामंजींची. शिसवी, चांदीच्या मुठीची आणि सहा फुटी माणसाच्या मापाची. मी पाच फूट एक इंच. डावा पाय कमजोर म्हणून काठी उजव्या हातात, आणि प्रत्येक पावलाला खांदा कानाला भेटायला वर. हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यावी, कोपर किंचित वाकावं, एवढंच माप असतं. घराण्याच्या इभ्रतीचा प्रश्न असल्याने मामंजींची काठी कापायची नाही असं ठरलं. तिच्या जागी औषधांच्या दुकानातली ॲल्युमिनियमची, भोकांत बटण अडकवायची काठी आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एमएसचं नाव आहे, पण वडिलोपार्जित काठीपासून संरक्षण त्यात कुठे दिसत नाही.

तोवर खांदा चांगलाच आखडला होता. वेणी घालणं बंद, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा बंद. मागे हुक असलेल्या कपड्यांबाबत यजमानांची मदत घ्यावी लागते. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते त्या कामाला चष्मा लावून बसतात. फिजिओथेरपिस्ट मुलीने व्यायाम दिला तो बोटांनी भिंत चढण्याचा. तोही सकाळी, पंख्याखाली, थकवा यायच्या आत. दुपारी एमएसचा थकवा आला की बोटं काय, मी स्वतः भिंतीला टेकून असते.

आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वार उभे छापलेत, वर रविवार, तळाशी शनिवार. बोटं शनिवारवरून निघतात, शुक्रवारी दम खातात, गुरुवारी मी देवाचं नाव घेते. काल बुधवार गाठला. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडून विचारतात, "अगं, आज कुठल्या वारी पोचलीस?" आणि दारात उभा असलेला दूधवाला घाईघाईने आपली वही तपासतो.