जामीनदार पाहिजे

मेक्सिको सिटीत रस्ता विचारायची सोय नाही. माणसं वाईट नाहीत. अडचण अशी की आपण तोंड उघडायच्या आत तीच आपल्याला विचारतात. माझा रंग, मिशी आणि पोट ही तिन्ही लक्षणं तिथल्या चारचौघा गृहस्थांशी इतकी जुळतात की मेट्रोच्या दारात, फळांच्या गाडीपाशी, औषधांच्या दुकानात कोणी ना कोणी मावशी मला गाठतेच आणि घडाघडा स्पॅनिशमधून पत्ता विचारते. शेजारी सहा फुटी, उन्हाने कान लाल झालेला जर्मन रिकामा उभा असतो. त्याच्या वाटेला कोणी जात नाही. हॉटेलात त्याच्यापुढे इंग्रजी मेनूकार्ड येतं, माझ्यापुढे स्पॅनिश. मी भारतातला, असं सांगितलं की मावशींना मनापासून आनंद होतो आणि त्या तोच प्रश्न पुन्हा विचारतात, जरा सावकाश.

आपण विचारलं तर मात्र ‘माहीत नाही’ हे उत्तर सहसा मिळत नाही. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, असा तिथला रिवाज दिसतो. सरळ, मग दोन चौक, मग डावीकडे, एवढं तरी पदरात घालतातच. हल्ली मीही हा रिवाज पाळतो. दोन-चार मावश्या शहराच्या पूर्वेला अजून फिरत असाव्यात.

रस्त्यांना नावं देणाऱ्यांनी शाळेची पाठ्यपुस्तकंच पुढ्यात घेतली होती की काय कोण जाणे. पोलांको भागात होमर आणि होरेस हे कवी, हुआरेस वस्तीत लंडन, हॅम्बुर्ग, जेनोआ ही शहरं, कुआउतेमोक वस्तीत जगातल्या नद्या. गंगासुद्धा आहे, टायबरपासून चालत जाण्याइतकी जवळ. तिच्या काठी स्नानाची नाही, पार्किंगची पंचाईत आहे. कोन्देसा भागातल्या आम्स्तर्दाम रस्त्याची तर तऱ्हाच निराळी. 1910 साली तिथे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान सुरू झालं. पुढे मैदान गेलं, वस्ती आली, पण घोडे ज्या लंबगोलातून पळत तो तसाच ठेवून त्याला रस्ता म्हणायचं ठरलं. मधोमध झाडी, झाडीतून पायवाट, बसायला बाकं, सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. फक्त हा रस्ता कुठेही जात नाही. नाकासमोर चालत राहिलं की अर्ध्या तासाने आपण निघालो त्याच कॉफीच्या दुकानासमोर येतो. सकाळ-संध्याकाळ बरीच शहाणीसुरती माणसं कुत्री घेऊन या घाण्याला जुंपलेली दिसतात. आणि याच सुखापायी तिथलं भाडं गगनाला भिडलं आहे.

उंचीबद्दल तर माझी कोणीच समजूत घालू शकलेलं नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सहाशे मीटर चढायचं आणि वर पोचल्यावर काय, तर ट्रॅफिक. ना देवीचं दर्शन, ना झेंड्यापाशी फोटो. मेट्रोचा जिना चढून धाप लागली तर सहानुभूती नाही. शेजारून ऐंशीच्या आजीबाई मक्याची पिशवी घेऊन पुढे निघून जातात. पाणी 92-93 अंशांवरच उकळतं, त्यामुळे डाळ बोटचेपी होईपर्यंत दुपार टळते.

आणि एवढ्या उंचीवर असूनही शहर रोज खाली चाललं आहे, हे विशेष. अॅझ्टेकांनी 1325 च्या सुमारास तेस्कोको तळ्यातल्या बेटावर राजधानी वसवली. 1521 मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली आणि पुढे तळंच हळूहळू आटवून टाकलं. आता त्याच तळ्याच्या चिकणमातीवर बसून खालचं पाणी उपसायचं आणि जमीन का खचते म्हणून परिसंवाद भरवायचे, असा क्रम आहे. काही भाग वर्षाला अर्ध्या मीटरच्या आसपास खाली जातात. स्वातंत्र्याच्या सोनेरी देवदूताचा स्तंभ 1910 साली उभा राहिला; त्याचा पाया पक्का निघाला, तो जागचा हलेना, आणि भोवतालचा रस्ता मात्र खचत गेला. शेवटी चौथऱ्याला 14 पायऱ्या जोडाव्या लागल्या. देवदूत वर गेलेला नाही, आपण खाली आलो आहोत, पण गुडघ्यांना हे पटवून देता येत नाही.

मेट्रोचं तिकीट पाच पेसो. इतक्या स्वस्त वस्तूबद्दल तक्रार करणं शोभत नाही, म्हणून फक्त गाडी बदलण्याबद्दल बोलतो. 1969 साली मेट्रो सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या डिझाइनरने दर स्टेशनला एक चित्र दिलं, चापुल्तेपेकला नाकतोडा. वाचता न येणाऱ्यालाही स्टेशन ओळखू यावं अशी सोय. कुठे उतरायचं ते कळतं, पण उतरल्यावर दुसऱ्या गाडीपर्यंत किती चालायचं याचं चित्र काढलेलं नाही. पीनो सुआरेस स्टेशनात गाडी बदलायला निघालो तर वाटेत एहेकात्लचं म्हणजे वायुदेवाचं अॅझ्टेक देऊळ लागतं. खोदकामात सापडलं, तिथेच ठेवलं. ला रासा स्टेशनातला बोगदा इतका लांब आहे की त्यात विज्ञानाचं प्रदर्शन मांडलं आहे, छतावर तारांगणसुद्धा. प्रवाशाला कंटाळा येणार हे ओळखून बोगदा आखूड करायच्या ऐवजी त्याला सुशिक्षित करायचं, हा विचार कुठल्या समितीने केला असेल तिला माझा नमस्कार.

शाकाहारी माणसाने उपाशी राहावं अशी तिथे परिस्थिती नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो आणि ‘मांस नाही’ म्हणून दिलेल्या ताटात हॅम निघू शकतो, पण या किरकोळ गोष्टी झाल्या. माझं दुःख केसादियाचं आहे. नावातच चीज असलेला हा पदार्थ. मेक्सिकोत इतरत्र तो चीज घालूनच मिळतो. राजधानीत मात्र ‘चीज घालून’ असं वेगळं सांगावं लागतं. फुटपाथवर एक बाई मोठ्या तव्यामागे बसलेली असते. निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट गोळा दाबून पातळ करते, तव्यावर टाकते, कडा सुटल्या की नखाने उलटते. पुढ्यात पातेली: भोपळ्याची फुलं, निवडुंगाच्या फोडी, मशरूम, आणि मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी, जी आपल्याकडे शेतकरी उपटून फेकतो आणि तिथे पक्वान्न म्हणून जास्त पैशाला विकतात. “भोपळ्याच्या फुलांची केसादिया,” मी म्हणतो. “चीज घालून की बिनचिजाची?” ती विचारते, आणि चेहऱ्यावर एक रेष हलत नाही. मी रांगेतल्या लोकांकडे न्यायासाठी पाहतो. लोक माझ्याकडे, हा उशीर का लावतोय म्हणून पाहतात.

याच बाईने मला ‘गुएरो’ म्हटलं. म्हणजे गोऱ्या. तिथले फेरीवाले सगळ्याच गिऱ्हाइकांना असं म्हणतात, रंग न पाहता. माझ्या लग्नाच्या वेळी घरच्यांनीसुद्धा ‘निमगोरा’च्या पुढे जायची हिंमत केली नव्हती. तेव्हापासून जेवण तिथेच. वर लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत. आपण अंबाडीची भाजी करून गप्प बसलो.

खरा प्रश्न घराचा. पाहुणा म्हणून चार तक्रारी करून परत येता येतं. राहायचं ठरवलं की शहर आपले दात दाखवतं. पहिली भानगड पैशाच्या चिन्हाची. पेसो आणि डॉलर दोघांनाही एकच चिन्ह. ते मुळात पेसोचं, अमेरिकेने नंतर उचललं, असं इतिहास सांगतो. पण पाटीवर नुसतं चिन्ह आणि आकडा असला की तो कुठल्या चलनातला हे मालकाच्या तोंडून कळतं. माझ्या बाबतीत चेहरा पाहून पेसोत आणि पासपोर्ट पाहून डॉलरमध्ये सांगायची पद्धत पडली. रोमा आणि कोन्देसा भागांत लॅपटॉप घेऊन आलेल्या परदेश्यांमुळे भाडी इतकी चढली की जुलै 2025 मध्ये त्याविरुद्ध मोर्चे निघाले. त्या मोर्च्यात मला कोणी परदेशी धरलं नसतं, एवढाच काय तो फायदा. आणि गंमत पाहा, 1985 आणि 2017 या दोन्ही वर्षी 19 सप्टेंबरलाच झालेल्या भूकंपांत याच मऊ मातीवरच्या वस्त्यांनी जबर मार खाल्ला. दलाल इमारतीची तारीफ करताना लिफ्टच्या आधी ‘दोन्हींत टिकली’ हे सांगतो. ऐकून घ्यायचं आणि भिंतीकडे बघायचं नाही.

“शांत गल्ली आहे,” असं म्हणत त्याने खिडकी उघडली, तेवढ्यात खालून टेम्पो गेला. भोंग्यावर लहान मुलीचा रडवेला, ताणलेला आवाज: गाद्या, फ्रिज, शेगड्या, वॉशिंग मशीन, मोडीत काढायचं जुनं लोखंड. एकच ध्वनिमुद्रण साऱ्या शहरात फिरतं. ती मुलगी केव्हाच मोठी झाली, तिचं भंगार अजून संपत नाही. त्यामागून गॅसवाला, मग कात्रीला धार लावणाऱ्याची बासरी, मग हाताने घंटा बडवत येणारी घंटागाडी. चौकात खाकी गणवेशातला माणूस पेटीवजा वाद्याचा दांडा फिरवत होता आणि बेसूर वाजवल्याबद्दल त्याचा जोडीदार टोपी पुढे करून पैसे मागत होता. संध्याकाळी रताळीवाला येतो. त्याच्या गाड्याची वाफेची शिट्टी अशी की आगगाडी थेट बेडरूममध्ये शिरल्याचा भास व्हावा. “शांत आहे ना?” दलालाने पुन्हा विचारलं. मला ऐकू आलं नाही.

तरी आम्ही अर्ज भरला. अर्जात नाव, वडिलांचं आडनाव, आईचं आडनाव, तिन्ही सक्तीचं. आपलं मराठी नाव: स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. कारकुनाने ते आपल्या शास्त्राप्रमाणे वाचलं. माझे तीर्थरूप आडनाव झाले आणि आमचं आडनाव आईचं माहेर झालं. बायकोचं नाव तिचं, मग माझं, मग तेच आडनाव. तिथे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, तेव्हा हिशोब सरळ होता: दोघांच्या आयांचं माहेर एकच, म्हणजे आम्ही मावसभावंडं. कारकून काही बोलला नाही, फार सभ्य माणूस. दुसऱ्या दिवसापासून दलाल दोन बेडरूमचे फ्लॅट दाखवू लागला.

त्यातूनही वाट निघाली असती. पण घर घ्यायला बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंटं लागतात, आणि बँकेत खातं उघडायला राहत्या घराचं लाइट बिल लागतं. या दोन कागदांपैकी आधी कुठला जन्मला, यावर मी बँकेतल्या बाईंशी बराच वेळ चर्चा केली. त्यांनी मला पाणी दिलं.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ‘आवाल’, अर्थात जामीनदार. साधा नव्हे. त्याच शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला, त्यावर कर्ज नसलेला, आणि माझं भाडं थकलं तर त्या घराचं खरेदीखत पणाला लावायला तयार असलेला. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला सख्खा भाऊ सही करताना तीनदा विचार करतो. नाहीतर वकिलामार्फत कायदेशीर हमी विकत घ्यायची. वकील आधी आपली सगळी चौकशी करतो आणि त्या चौकशीची फीसुद्धा आपणच भरायची.

भारतीयांना या शहराने जागा दिलीच नाही असं मात्र म्हणता येत नाही. 1919 मध्ये मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष उभा करण्यात पुढे असलेले मानवेंद्रनाथ रॉय रोमातल्या ज्या घरात राहत, तिथे पुढे त्यांच्याच नावाचा नाइटक्लब निघाला. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, परागंदा क्रांतिकारक, मेक्सिकोतल्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर प्रयोग केले. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत 1923 ते 1928 या काळात दिएगो रिव्हेराने भिंती रंगवल्या, त्यात जेवणाच्या टेबलाशी पाव मोडणारे खानखोजे आहेत. मी ते चित्र पाहिलं, ऊर भरून आला, शेजारच्या पहारेकऱ्याला सांगितलं की हे आमच्याकडचे. त्याने मला बाहेर जायचा रस्ता विचारायचा आहे असं समजून हात दाखवला. एका मराठी माणसाला या शहरात सरकारी भिंतीवर कायमची जागा मिळाली, दुसऱ्याला दोन खोल्या भाड्याने मिळेनात.

तरी आमचा विचार पक्का आहे. म्हणून वाचकांना जाहीर विनंती: कोणाचं, कोणाच्या भावाचं, साडूचं, अगदी खऱ्याखुऱ्या मावसभावाचंसुद्धा, मेक्सिको सिटीत स्वतःच्या नावावर कर्जमुक्त घर असेल आणि खरेदीखत हाताशी असेल, तर कृपया संपादकांमार्फत कळवावं. नळाच्या पाण्याचा पुरवठा कसाही चालेल. एकच बेडरूम लागेल.